फुली मारण्याआधी

शिक्षकमित्रहो, ‘चुकांतून शिका’ हे वाक्य आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं, आणि त्याच भिंतीला टेकून आपण वह्यांवर फुल्या मारत बसतो. आज त्या फुलीबद्दल बोलू.

५२ मधून ३८ वजा करा. तिसरीतली पुष्कळ मुलं उत्तर लिहितात २६. आपण म्हणतो, लक्ष नव्हतं. अहो, लक्ष पुरेपूर होतं! दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे आपणच पहिलीत सांगितलेलं असतं. या मुलाला आता ७१ वजा ४५ द्या. तो ३४ लिहील, हे मी वही न बघता सांगतो. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली नेमकं हेच दाखवलं: मूल बहुधा चुकीची रीत अगदी इमानदारीनं पाळत असतं. त्याला आणखी वीस वजाबाक्या घरी करायला दिल्या, तर ती रीत पक्की होणार, दुसरं काय?

आपल्या सोलापुरात तर भाषेच्या तासालाही हेच दिसतं. पूर्व भागातलं तेलुगू घरातलं मूल म्हणतं, “आई आलं.” वर्ग हसतो. पण तेलुगूत ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ यांना क्रियापदाचं एकच रूप चालतं. अक्कलकोटकडचं कानडी मूल “बस आलं” म्हणतं, कारण कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. या मुलांना व्याकरण येत नाही असं कोण म्हणेल? त्यांना आपल्यापेक्षा एक जास्तच येतं. (आपल्याला बसचं लिंग कोणी शिकवलं होतं, आठवतंय का?)

आता उलट बाजू. चूक झाली की शिक्षण आपोआप होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. न दुरुस्त केलेली चूक मुरते. मात्र बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ मधल्या प्रयोगांत एक गंमत दिसली: ज्या चुकीच्या उत्तराची माणसाला खात्री असते, ते खरं उत्तर कळल्यावर उलट जास्त चांगलं सुधारतं. म्हणून आधी मुलाला ठामपणे उत्तर देऊ द्या. लगेच खोडू नका.

आणि गुण? रूथ बटलर या शिक्षण-संशोधिकेनं १९८८ साली दाखवलं, की नुसता शेरा लिहिला तर मुलांचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुण दिले तर तो फायदा उरला नाही. नजर आकड्यावरच जाते ना.

तुम्ही म्हणाल, साठ वह्या, वेळ कुठाय? सगळ्या नकोतच. रोज एक चुकीचं उत्तर निवडा, नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा, “हे कसं आलं असेल?” उद्या ५२ वजा ३८ पासूनच सुरू करा.