दोनशे किलोमीटरचं गणित कुठे चुकतं

मंडळी, लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सायकल कुठली घेऊ?’ तो आपण शेवटी घेऊ, वेळ उरला तर. आधी घड्याळ.

ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४०. म्हणजे ताशी १५च्या आसपास. आकडा ऐकून हसू येतं. रोज सकाळी दोनापावलापर्यंत जाऊन येणाराही २२-२३नं जातो. पण तुम्ही चहा पीत असता तेव्हाही हे घड्याळ चालूच असतं. चाकं फिरत असतानाचा वेग २० धरला तर २००ला १० तास लागतात आणि साडेतीन तास हातात राहतात. तोच वेग १८वर आला की लागतात ११ तास ७ मिनिटं, उरतात २ तास २३ मिनिटं. त्यात दोन वेळचं खाणं, पाणी भरणं, वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर शिक्के घेणं आणि एक पंक्चर. मागच्या चाकाचं असेल, वर पाऊस असेल, तर नवख्याचा अर्धा तास सहज जातो. म्हणून आखणीच्या कागदावर नुसता वेग लिहू नका. दर ५० किलोमीटरला किती मिनिटं शिल्लक असायला हवीत ते लिहा. कुठे मागे पडलो ते तिथल्या तिथे कळतं, १५०व्या किलोमीटरला धक्का बसत नाही.

आता रस्ता. पणजीहून कणकवली गाठून परत, ही फेरी २००च्या घरात जाते. ती याच दिशेनं का, तर वाऱ्यासाठी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. सकाळी उत्तरेकडे निघालात तर परतताना तो पाठीवर घेता येतो. दक्षिणेला काणकोणच्या बाजूला आधी उतरलात तर करमलघाट चढून दमलेल्या पायांनी दुपारी त्याच वाऱ्याला तोंड द्यायचं. किलोमीटर तेवढेच, दिवस मात्र निराळा.

या रस्त्याचा दुसरा गुण म्हणजे कोकण रेल्वे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, पेडणे, थिवी: कुठेही पाय गळाले तरी स्टेशन फार लांब नसतं. मात्र सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत आणि सायकल सामान म्हणून बुक करावी लागते. तेव्हा कुठली गाडी कुठे थांबते ते आदल्या दिवशीच लिहून ठेवा. अनमोड घाटाला निदान पायथ्याशी कुळ्याचं स्टेशन आहे. चोर्ला घाटाला तेही नाही. म्हणून पहिल्याच मोठ्या प्रयत्नाला चोर्ला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलं जंगल कितीही मोहात पाडो.

चोर्ला घ्यायचाच, तर आधी गिअर मोजा. पुढे ३४ दात, मागे सर्वांत मोठं चक्र २८चं, चाकाचा घेर २.१ मीटर. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. केरीच्या वर चढ अंगावर आला आणि वेग ताशी ६वर आला की मिनिटाला जेमतेम ३९ फेरे पडतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघा दाबला जातो. मागे ३४ दातांचं चक्र लावलंत तर त्याच वेगाला ४७-४८ फेरे पडतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला न्या, पाय सरळ झाला पाहिजे. इथून सुरुवात करा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच बदला.

पंक्चर काढताना टायरवरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणून बसवायची सवय लावा. ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमध्ये नेमकी कुठे शोधाशोध करायची ते कळतं. हमरस्त्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. तशी तार आत राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. बोट आतून हळू फिरवा, तार लागली की चिमट्यानं ओढा.

मागच्या चाकाची तार, म्हणजे स्पोक, तुटते ती बहुतेकदा चाकाच्या मधल्या हबजवळच्या वाकात, आणि कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या बाजूची. रिम दुसऱ्या बाजूला ओढली जाते. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा. मग डाव्या बाजूच्या, तिच्या लगतच्या दोन तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा. ३२ तारांचं चाक एवढ्यावर घरी आणतं, २०-२४ तारांचं फ्रेमला घासत बसतं. दिसायला छान, पण या कामाला कुचकामी.

पावसाबद्दल एकच. आपली तांबडी माती ओली झाली की ब्रेकपॅड कानशीनं घासल्यासारखे झिजतात. चोर्ला उतरण्याआधी वर थांबून पॅड बघा, रिमब्रेक असेल तर त्यात रुतलेली खडी काढा.

आणि प्रयत्न फसलाच, तर ‘दम कमी पडला’ असं लिहून वही मिटू नका. नेमकं काय संपलं: पाय, पोट, झोप, सायकल की वेळ? पोट असेल तर ते बहुधा तीन तास आधीच बिघडलेलं असतं. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून माणूस नुसतं पाणी ढोसत राहतो. मीठ उतरतं, मळमळतं, मग खाणं बंद होतं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सगळं चहाच्या चमच्यानं. हे तासाला अर्धा-पाऊण लिटर, तहानेची वाट न बघता. सोबत केळं किंवा अर्धा उंडो पाव. पुढच्या वेळी बदल एकच करा. टायर, सीट आणि खाणं एकदम बदललंत तर कशानं जमलं ते कधीच कळत नाही.

राहिला सायकलचा प्रश्न. वेळ संपत आलीय, तेव्हा दुकानात दोनच गोष्टी विचारा. मडगार्डसकट ३२ मिलिमीटरचा टायर मावतो का? मागे ३४ दातांची कॅसेट बसते का? किमतीचं त्यानंतर बोला. आणि निघताना त्याच सायकलचा जादा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, मागून घ्या. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, रस्त्यात मिळत नाही.