जोडीदार मते आणतो का?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, जाहीर करतो तेव्हा तिथली वर्तमानपत्रे पहिला प्रश्न ठरलेला विचारतात: हा कुठले राज्य मिळवून देणार? उत्तरही ठरलेले. 1960 साली टेक्सासच्या लिंडन जॉन्सननी जोडीदार म्हणून केनेडींना टेक्सास मिळवून दिले, तसे.

त्याचा हिशेब करून पाहू. केनेडींना इलेक्टोरल मते (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मते) 303, टेक्सासची त्यातली 24. ती वजा केली तरी 279 उरतात आणि बहुमत होते 269 ला! जॉन्सन आगगाडीने दक्षिणेत फिरले, त्याचा उपयोग झालाच असणार, मी नाकारत नाही. पण सगळे ज्याचा दाखला देतात, तोच दाखला असा डळमळीत निघतो.

आता त्याच टेक्सासची दुसरी गोष्ट, माझ्या मते जास्त बोलकी. जॉन्सनना एकाच वेळी सिनेट आणि उपाध्यक्षपद अशा दोन्ही निवडणुका लढवता याव्यात म्हणून टेक्सासने कायदाच बदलून घेतला होता. (सोय पाहणारे राजकारणी काही आपल्याकडेच असतात असे नाही.) 1988 मध्ये डुकाकिस यांचे जोडीदार लॉइड बेंट्सन यांनी त्याच कायद्याचा फायदा घेतला. निवडणूक एकाच दिवशी, मतदार तेच, माणूसही तोच. सिनेटसाठी बेंट्सनना सुमारे 59 टक्के मते पडली; अध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर डुकाकिस-बेंट्सन जोडीला जेमतेम 43. समोर अध्यक्षपदासाठी टेक्सासमधल्याच ह्यूस्टनचे बुश होते हे खरे, पण लाखो लोकांनी बेंट्सनना आनंदाने मत दिले आणि त्यांच्या जोडीला नाकारले. तेही वादसभेत त्यांनी बुश यांचे जोडीदार डॅन क्वेल यांना, ‘तुम्ही जॅक केनेडी (म्हणजे वरचेच केनेडी) नव्हेत’ असे सुनावून टाळ्या घेतल्यानंतर. क्वेल उपाध्यक्ष झालेच.

नुकसान मात्र होऊ शकते. 1972 मध्ये मॅकगव्हर्ननी निवडलेल्या ईगलटन यांनी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे उघड झाले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. मॅकगव्हर्न तसेही हरलेच असते, पण त्यांच्या निर्णयक्षमतेची शोभा झाली ती झालीच.

मग ही निवड महत्त्वाची कशासाठी? उमेदवार ठरवणारे डेमोक्रॅटिक पक्षाचे 1944 चे शिकागो अधिवेशन बघा. रूझवेल्ट चौथ्यांदा उभे होते आणि त्यांची तब्येत ढासळलेली जवळच्यांना दिसत होती. उपाध्यक्ष हेन्री वॉलेस पहिल्या फेरीत आघाडीवर होते. पक्षातल्या वजनदार मंडळींनी जोर लावून दुसऱ्या फेरीत हॅरी ट्रुमनना निवडून आणले. मिसुरी हे ट्रुमन यांचे राज्य, पण त्यासाठी हा खटाटोप नव्हता. वॉलेस अध्यक्ष झाले तर काय, ही त्या मंडळींना धास्ती होती. उपाध्यक्षपदाच्या 82 व्या दिवशी, 12 एप्रिल 1945 ला, रूझवेल्ट गेले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले. अणुबॉम्बची सविस्तर माहिती त्यांना मिळाली ती त्यानंतर.