मृत्यूसमोर कवी कुणाशी बोलतो?

नमस्कार, श्रोतेहो.

१६०३ साली लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं होतं. नाटककार आणि कवी बेन जॉन्सन त्या वेळी शहराबाहेर एका स्नेह्याच्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता. तिथं त्याला अचानक आपला थोरला मुलगा दिसला. कपाळावर रक्ताळलेला क्रूस, जणू तलवारीनं कोरलेला. प्लेगच्या घरांच्या दारांवर तेव्हा तांबडा क्रूस काढत. जॉन्सन हादरला. सोबत त्याचे वयोवृद्ध गुरू होते, त्यांनी समजूत घातली, हा मनाचा खेळ आहे म्हणाले. पाठोपाठ बायकोची पत्रं आली. मुलगा प्लेगनं गेला होता. सात वर्षांचा होता. हा प्रसंग पुढं जॉन्सननं स्वतःच एका स्कॉटिश कवीला सांगितला आणि त्यानं तो टिपून ठेवला, म्हणून आपल्यापर्यंत आला.

त्या मुलावर जॉन्सननं अवघ्या बारा ओळी लिहिल्या. त्या ओळी तो थेट मुलाला सांगतो. माझ्या उजव्या हाताच्या लेकरा, जा आता, असा निरोप देतो. तुझ्यावर फार आशा ठेवली, हेच माझं पाप, असं म्हणतो. सात वर्षांसाठी तुला उसना घेतला होता, मुदत भरली, आज परत करतोय, असा हिशेब मांडतो. मग स्वतःलाच विचारतो, की ज्याचा हेवा वाटावा अशा गोष्टीचं माणूस दुःख का करतो? हे पोर संसाराच्या तापातून सुटलं, म्हातारपणातून तरी सुटलं. आणि शेवटी मुलाला शिकवून ठेवतो: कुणी विचारलं तर सांग, इथं बेन जॉन्सनची सर्वांत चांगली कविता निजली आहे. जॉन्सनला आपल्या लेखनाचा केवढा अभिमान होता! आपली नाटकं आणि कविता एका भल्यामोठ्या ग्रंथात छापून घेऊन त्यावर ‘समग्र’ असं नाव घालणारा तो माणूस. त्यानं हे लिहावं, याचं वजन मोठं आहे.

आज मला इंग्रजी कवींच्या मृत्यूविषयीच्या कवितांबद्दल बोलायचं आहे, पण त्यांच्याकडे एकाच बाजूनं बघणार आहे. मृत्यू समोर उभा राहिला की हे कवी कुणाशी बोलतात? देवाशी, मृत्यूशी, गेलेल्या माणसाशी, की कुणाशीच नाही? मला वाटतं, मृत्यूबद्दल कवी काय मत मांडतो ते पुष्कळदा आपण विसरून जातो. तो कुणाकडे तोंड करून उभा होता, ते मात्र विसरत नाही.

जॉन्सनचा समकालीन जॉन डन. मृत्यूवरची इंग्रजीतली सर्वांत प्रसिद्ध कविता बहुधा याचीच. ते सुनीत आहे. केशवसुतांनी मराठीत रुजवला तोच हा चौदा ओळींचा प्रकार. डन साक्षात मृत्यूला समोर उभा करतो आणि दरडावतो: गर्व करू नकोस. लोक तुला बलाढ्य म्हणतात, पण तू तसा नाहीस. तू नशिबाचा, राजांचा, जिवावर उदार झालेल्या माणसांचा गुलाम. तुझी संगत कुणाची, तर विषाची, युद्धाची, रोगराईची. झोप तर अफूनंही येते, तुझ्यापेक्षा चांगली येते. आणि शेवटची ओळ: मृत्यो, तूच मरशील.

डननं तरुणपणी लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायद्याचा अभ्यास केला होता, आणि या सुनीतात मला तो वकीलच दिसतो. मुद्दे चढाओढीनं येतात, पण एकमेकांना धरून राहत नाहीत. मृत्यू नुसती झोप असेल, तर त्याला मारायची एवढी घाई कशाला? माणूस इतक्या मोठ्या आवाजात बोलतो तेव्हा त्याच्या आत काय चाललंय, ते कळायला त्याची दुसरी एक कविता वाचावी लागते. ती देवाला उद्देशून आहे. एकेक पाप कबूल करत डन शेवटच्या कडव्यात येतो आणि सांगतो, माझं एक पाप अजून उरलंय, भीतीचं. आयुष्याचा शेवटचा धागा कातून झाला, की मी या काठावरच नाहीसा होईन, अशी मला भीती वाटते. तोवर डन लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा प्रमुख धर्मगुरू झाला होता, हजारो लोकांना पुनरुत्थानाची ग्वाही देत होता. मला ती दरडावणी आवडते, पण विश्वास मी या कबुलीवर ठेवतो.

डनच्या अखेरच्या दिवसांची हकिकत त्याच्या चरित्रकारानं, आयझॅक वॉल्टननं, लिहून ठेवली आहे. १६३१ साली, मरणाच्या थोडं आधी, डननं आपल्या अभ्यासिकेत कोळशाच्या शेगड्या पेटवायला लावल्या, अंगावर कफन घेतलं, डोक्याशी आणि पायांशी गाठी मारून घेतल्या, आणि लाकडी अस्थिकुंभावर उभं राहून चित्रकाराकडून आपलं चित्र काढून घेतलं. ते चित्र तो शेवटपर्यंत अंथरुणाशेजारी ठेवून बघत असे. पुढं त्याच रूपातला संगमरवरी पुतळा सेंट पॉलमध्ये बसवला गेला. १६६६च्या आगीत ते जुनं कॅथीड्रल जळालं. हा पुतळा वाचला, आणि नव्या इमारतीत तो आजही उभा आहे.

मधली दीडशे-दोनशे वर्षं मी भराभर ओलांडतो. टॉमस ग्रेची खेड्यातल्या दफनभूमीवरची १७५१ सालची कविता आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी कॉलेजात पाठ केली आहे. ती सुंदर आहे, पण तिच्यात मरण सगळ्यांचं आहे, कुणा एकाचं नाही. मला ती दुरूनच भावते.

जॉन कीट्स मात्र जवळचा. हा मुलगा लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सा शिकला होता. क्षयानं आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. धाकटा भाऊ टॉम त्याच रोगानं १८१८च्या डिसेंबरमध्ये गेला, त्याची शुश्रूषा कीट्सनंच केली. ३ फेब्रुवारी १८२०च्या रात्री थंडीत घोडागाडीच्या टपावर बसून तो घरी आला, अंथरुणावर पडला आणि खोकला. चादरीवर रक्ताचा थेंब. मित्राला म्हणाला, मेणबत्ती आण, मला हे रक्त बघू दे. बघितलं आणि म्हणाला, हा रंग मी ओळखतो, हे धमनीतलं रक्त आहे, हा थेंब म्हणजे माझ्या मृत्यूचं फर्मान आहे. स्वतःचं निदान स्वतःच करणारा पंचविशीच्या आतला कवी. वर्षभरानं, २३ फेब्रुवारी १८२१ला, तो रोममध्ये गेला.

त्या खोकल्याच्या काही महिने आधी, बहुधा १८१९च्या अखेरीला, एका अर्धवट राहिलेल्या विनोदी काव्याच्या हस्तलिखितावर रिकाम्या जागेत त्यानं आठच ओळी खरडल्या. हा माझा जिवंत हात, ऊबदार, घट्ट पकडू शकणारा. हा गार पडून थडग्याच्या थंड शांततेत असता, तर त्यानं तुझे दिवस झपाटले असते, तुझ्या रात्री गोठवल्या असत्या. इतक्या, की तू आपल्या काळजातलं रक्त आटू दिलं असतंस, माझ्या शिरांतून ते पुन्हा वाहावं म्हणून, आणि मग तुझ्या मनाची टोचणी थांबली असती. बघ, हा इथं आहे, मी तो तुझ्याकडे धरलाय.

हे कुणाला सांगितलंय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. प्रेयसीला असेल, नाटकातल्या एखाद्या पात्राच्या तोंडचं असेल. पण या ओळी पहिल्यांदा छापल्या गेल्या १८९८ साली, कवी जाऊन ७७ वर्षं झाल्यावर. म्हणजे त्या ज्या वाचकांपर्यंत पोचल्या, त्यांच्यासाठी तो हात थडग्यातलाच होता. मी ही कविता मोठ्यानं वाचतो तेव्हा तो ‘तू’ मीच असतो. इथं सांत्वन नाही, तत्त्वज्ञान नाही, थोडी दांडगाई आहे. मरणाऱ्या तरुण माणसाला जगणाऱ्यांचा राग येतो, हे इतकं उघड सांगणारी दुसरी कविता मला माहीत नाही.

टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ साली व्हिएन्नात अचानक वारला. वय अवघं २२. टेनिसनच्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलं होतं. त्या एका मृत्यूवर टेनिसन १७ वर्षं लिहीत राहिला, आणि १८५०मध्ये ते दीर्घकाव्य प्रसिद्ध झालं. पती अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीला बायबलच्या खालोखाल त्याच पुस्तकाचा आधार वाटला. राणीला त्यातली श्रद्धा भावली असेल. मला सातवा भाग भावतो. कवीला झोप येत नाही, म्हणून पहाटे पहाटे तो चोरासारखा लंडनमधल्या मित्राच्या घरासमोर येऊन उभा राहतो. मित्राशी बोलणं शक्य नाही, म्हणून घराशी बोलतो, दाराशी बोलतो: दारांनो, इथं एका हाताची वाट बघताना माझं काळीज किती जोरात धडधडायचं! मग रिमझिम पावसात त्या ओक्याबोक्या रस्त्यावर दिवस उजाडतो, आणि कविता तिथंच संपते. सगळ्या दीर्घकाव्यात देवाशी जे संवाद आहेत, त्यांहून या लाकडी दाराशी बोललेल्या चार शब्दांत शोक जास्त आहे, असं माझं मत आहे.

आता टॉमस हार्डी. याच्याजवळ थोडं थांबू या. कॉर्नवॉलमधल्या सेंट ज्युलिअटच्या चर्चच्या दुरुस्तीसाठी १८७०मध्ये हा तरुण वास्तुकार गेला, आणि तिथं त्याला एमा गिफर्ड भेटली. १८७४मध्ये लग्न झालं. पुढं दोघांत इतकं अंतर पडलं, की एकाच घरात राहूनही एमा वरच्या माळ्यावरच्या खोल्यांत वेगळी राहू लागली. २७ नोव्हेंबर १९१२ला ती गेली. लग्नाला ३८ वर्षं झाली होती, हार्डी ७२ वर्षांचा होता. आणि जिच्याशी तो वर्षानुवर्षं धड बोलत नव्हता, तिच्याशी त्यानं बोलायला सुरुवात केली. मार्चमध्ये भावाला सोबत घेऊन कॉर्नवॉलला जाऊन ती जुनी ठिकाणं पाहून आला. त्या दोन वर्षांतल्या कविता इंग्रजीतल्या सर्वांत थोर शोककविता आहेत, असं मी निःशंकपणे म्हणतो.

एका कवितेत तो भांडतोच: त्या रात्री जाणार आहेस हे सुचवलंसुद्धा नाहीस, का? दुसरीत तिचा आवाज ऐकू येतो. ती हाक मारते आहे, म्हणते आहे, मी आता तशी नाही, जशी मधल्या काळात बदलून गेले होते. आपले दिवस चांगले होते तेव्हाची आहे. तो म्हणतो, मग दिस ना मला, गावाबाहेर माझी वाट बघत उभी राहायचीस तशी, त्या आकाशी झग्यात. लगेच शंका येते: की हा ओल्या कुरणावरून येणारा नुसता वारा? पहिली तीन कडवी नाचऱ्या, झुलत्या लयीत आहेत. चौथ्या कडव्यात लय ठेचकाळते. ओळी आखूड होतात. अडखळत पुढं जाणारा म्हातारा, भोवती गळणारी पानं, काटेरी झुडपातून झिरपणारा उत्तरेचा वारा, आणि हाक मारणारी बाई. हार्डीचा परलोकावर विश्वास नव्हता. तरी तो तिच्याशीच बोलतो, आणि पश्चात्ताप हा शब्द एकदाही न वापरता तो आपल्यापर्यंत पोचवतो.

पहिल्या महायुद्धात विल्फ्रेड ओवेननं हे उलटं करून दाखवलं. त्याच्या एका कवितेत मेलेला माणूस जिवंताशी बोलतो: मित्रा, तू ज्याला मारलंस तो शत्रू मी. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला फ्रान्समध्ये कालवा ओलांडताना मारला गेला. घरी तार पोचली ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या दिवशी. त्याच्या खिशातल्या वहीत रवींद्रनाथ ठाकुरांच्या निरोपाच्या ओळी लिहिलेल्या होत्या. त्याच्या आईनं १९२०मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवलं.

फिलिप लार्किन हल शहरात विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. १९७४मध्ये त्यानं एक कविता सुरू केली आणि ती अर्धवट पडली. १९७७च्या नोव्हेंबरमध्ये त्याची आई वारली, आणि डिसेंबरमध्ये ती कविता पूर्ण होऊन छापून आली. पहाटे चारला जाग आलेली, खोलीत काळोख, आणि आणखी एक दिवस जवळ आलेला मृत्यू. धर्म म्हणजे आपण मरतच नाही असं भासवण्यासाठी विणलेला, आता कसरीनं खाल्लेला भरजरी पडदा, असं तो म्हणतो. जे जाणवणारच नाही त्याला काय भ्यायचं, या युक्तिवादालाही तो झिडकारतो. न दिसणं, न ऐकणं, प्रेम करायला काहीच नसणं, ज्यातून कुणी शुद्धीवर येत नाही अशी ती भूल, नेमकी त्याचीच तर भीती आहे. धैर्याचाही उपयोग नाही, धैर्य म्हणजे फक्त दुसऱ्यांना न घाबरवणं. मग उजाडतं. बंद कचेऱ्यांत टेलिफोन वाजायच्या तयारीत दबा धरून बसतात. पोस्टमन डॉक्टरांसारखे घरोघर फिरतात.

पोलिश कवी चेस्वाव मिवोश यांना ही कविता थोर वाटली, आणि तरीही नकोशी वाटली. कवितेनं जीवनाची बाजू सोडायची नसते, असं त्यांचं म्हणणं. आयरिश कवी शेमस हीनी यांनी एका व्याख्यानात त्यावर सांगितलं, की इतक्या काटेकोर यमकांत, इतक्या जिवंत शब्दांत बांधलेली कविता आपसूकच जीवनाच्या बाजूला उभी असते. मला हीनींचं पटतं, पण पुरतं नाही. त्या ५० ओळींत ‘आम्ही’ आहे, ‘मी’ आहे, पण ‘तू’ कुठंच नाही. लार्किन कुणाशीच बोलत नाही. आपल्या काळातल्या मरणाची खरी थंडी मला त्यात जाणवते, आणि म्हणूनच ही कविता टाळता येत नाही.

लीड्समधल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा टोनी हॅरिसन. त्याच्या एका, नेहमीच्या चौदाऐवजी सोळा ओळींच्या, सुनीतात आई जाऊन दोन वर्षं झाली आहेत, तरी वडील तिच्या सपाता शेगडीजवळ गरम करायला ठेवतात, पलंगावर तिच्या बाजूला गरम पाण्याच्या पिशव्या ठेवतात, तिच्या बसच्या पासाची मुदत वाढवून आणतात. मुलानं आधी फोन करूनच यायचं, कारण तिच्या वस्तू लपवायला त्यांना तासभर लागतो. मुलाच्या अविश्वासाची झळ त्यांना लागू द्यायची नसते. मग वडीलही जातात. मुलाचं मत लार्किनइतकंच रोखठोक आहे: मरणाबरोबर आयुष्य संपतं, बस्स. पण बारा ओळी वडिलांबद्दल आपल्याला सांगत असलेला हा मुलगा शेवटच्या चार ओळींत एकदम आईवडिलांकडे वळतो आणि म्हणतो, तुम्ही दोघं काही बाजारात गेलेले नाही, हे मला कळतं. तरी माझ्या नव्या, काळ्या चामड्याच्या डायरीत तुमचं नाव आहे, आणि बंद झालेला तो नंबर आहे, जो मी अजून फिरवतो.