पदवी प्रणाली सिद्धांताची: तपासायची कशी?

(पडद्यावर आलेख. आडव्या अक्षावर ३० मिनिटं. एक निळी रेघ, एक लाल.)

एका मोठ्या दुकानात दर मिनिटाला किती माणसं आत शिरली, ते निळी रेघ सांगते. किती बाहेर पडली, ते लाल. आता चार प्रश्न. सर्वांत जास्त माणसं आत कधी आली? सर्वांत जास्त बाहेर कधी गेली? ही उत्तरं सोपी आहेत. रेघेचा शेंडा बघायचा आणि मिनिट सांगायचं. तिसरा प्रश्न: दुकानात सर्वांत जास्त गर्दी कधी होती? आणि चौथा: सर्वांत कमी कधी?

एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयात जॉन स्टरमन यांनी हा आलेख विद्यार्थ्यांपुढे ठेवला. पहिले दोन प्रश्न जवळपास सगळ्यांनी सोडवले. पुढच्या दोन प्रश्नांवर निम्म्याहून जास्त जणांची विकेट पडली. दोन रेघांमधलं अंतर जिथे सर्वांत मोठं दिसतं, तिथेच अनेकांनी बोट ठेवलं. पण निळी रेघ लालच्या वर आहे तोवर गर्दी वाढतच राहणार. रेघा एकमेकींना छेदतात, त्या मिनिटाला ती शिगेला पोचणार.

ही मुलं गणितात कच्ची नव्हती. येणं, जाणं आणि साठणं यांचा हिशेब डोळ्यांना सहज दिसत नाही, एवढंच. तो दिसायला लावणं हे प्रणाली सिद्धांत शिकवणाऱ्यांचं पहिलं काम. प्रणाली सिद्धांत म्हणजे एकमेकांवर परिणाम करणारे भाग मिळून एक संपूर्ण व्यवस्था कशी वागते, याचा अभ्यास. म्हणून पदवी अभ्यासक्रम तपासताना मी माहितीपत्रक बाजूला ठेवेन आणि आधी एवढंच मागेन. हाच आलेख पहिल्या सत्रातल्या वर्गाला द्या आणि शेवटच्या सत्रातल्या वर्गाला द्या. फरक पडला नसेल, तर मधल्या वर्षांत झालं काय?

(दृश्य: जुन्या नियतकालिकांची पानं.)

थोडं मागे जाऊ. १९५४ साली चार जणांनी या विषयाची एक संस्था स्थापण्याचं ठरवलं: जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालन्फी, अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग, शरीरक्रियाशास्त्रज्ञ राल्फ जेरार्ड आणि गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्ट. दोनच वर्षांनी बोल्डिंग यांनी या सिद्धांताला विज्ञानाचा सांगाडा म्हटलं. त्यावर रक्तमांस चढवायचं ते त्या त्या विषयानं. फारच सर्वसामान्य बोलायला गेलं की आशय उरत नाही, हा धोकाही त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

या चौघांकडे आपापला विषय आधीपासून होता. पदवीला येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाकडे तो नसतो. खरी अडचण इथे आहे, आणि हा विषय बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पातळीवरच का शिकवला जातो, याचं एक कारणही हेच असावं. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठात १९७० मध्ये तो सुरू झाला, तोही पीएचडीच्या पातळीवर. पदवीला तो टिकतो तेव्हा बहुधा अभियांत्रिकीच्या आधारानं; कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाची सिस्टिम्स डिझाइन इंजिनीअरिंग ही शाखा त्यातलीच. तेव्हा पहिली चौकशी ही, की या मुलांना एखादा विषय खोलवर शिकायला लावतात का? परिसंस्था, वीजजाळं, सार्वजनिक आरोग्य, काहीही चालेल. नाहीतर थोडं जीवशास्त्र, थोडं अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

(दृश्य: फळ्यावर समीकरणं. हात पुसतो, पुन्हा लिहितो.)

गणिताबद्दल फार घोळ घालायला नको. कलन, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं, संभाव्यता. यातलं एखादं ऐच्छिक असेल, तर भुवया उंचवायला हरकत नाही. १९६० मध्ये अभियंता रुडॉल्फ काल्मन यांनी नियंत्रण सिद्धांताला, म्हणजे यंत्रं आणि प्रक्रिया हव्या तशा चालवण्याच्या शास्त्राला, जे वळण दिलं, त्यातले दोन प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला पडायला हवेत. ही प्रणाली हवी त्या स्थितीला नेता येते का? आणि बाहेरून जेवढं मोजता येतं, त्यावरून आतली स्थिती ओळखता येते का? समीकरणांशिवाय हे प्रश्न विचारता येतात. उत्तरं मिळत नाहीत.

पण गणित भरपूर आहे म्हणून अभ्यासक्रम चांगला, असंही नाही. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठात पीटर चेकलंड आणि त्यांचे सहकारी अभियांत्रिकीच्या पद्धती घेऊन संस्थांच्या कारभारात उतरले आणि तिथे अडले. यंत्राचं उद्दिष्ट ठरलेलं असतं. संस्थेत उद्दिष्टावरूनच भांडण असतं. व्यवस्थापकाला रुग्णालय म्हणजे खाटांचा हिशेब वाटतो, परिचारिकेला पाळ्यांचा आणि रुग्णाला वाट पाहण्याचा. मग प्रणालीची सीमा, म्हणजे काय आत धरायचं आणि काय बाहेर, ती कुणी आखायची? या अनुभवातून त्यांची ‘सॉफ्ट सिस्टिम्स’ पद्धत उभी राहिली. ती शेवटच्या वर्षात दोन व्याख्यानांत उरकलेली दिसली, तर समजावं की विभागाला फक्त यंत्रांशीच बोलता येतं. उलट सगळा अभ्यासक्रम चर्चेचा आणि रंगीत बाणांच्या आकृत्यांचा असेल, तर तिथे शब्दसंग्रह वाढेल, त्यापलीकडे फारसं काही नाही. दोन्हींत निवड करायची वेळ आलीच तर मी समीकरणांकडे झुकेन. माणसांशी बोलणं नोकरीत शिकता येतं. अवकल समीकरणं तिशीनंतर शिकणारे विरळा.

बाणांच्या आकृत्यांवर माझा थोडा राग आहे. क वाढलं की ख वाढतं, ख वाढलं की ग घटतं, वर्तुळ पूर्ण, टाळ्या. किती वाढतं आणि किती उशिरानं, हे त्यात नसतं. आणि उशीर तर सगळं बदलतो. नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो, तेवढ्यात आपण तो आणखी फिरवतो आणि हात भाजून घेतो. आकृतीतला बाण मात्र तोच असतो.

(दृश्य: कपाटात बांधलेले प्रकल्प अहवाल.)

नोकरीचं थोडक्यात. ‘प्रणाली सिद्धांतकार हवा आहे’ अशी जाहिरात सहसा दिसत नाही. पदवीधर पुरवठा साखळी, नियोजन, सॉफ्टवेअर, धोरण विश्लेषण अशा नावांखाली काम करतात. विभाग किती जणांना नोकरी लागली हे सांगेल. कोणत्या कामावर लागली, हे तुम्ही विचारायचं.

सगळ्यांत शेवटी या कपाटापाशी या. अंतिम वर्षाचे अहवाल मागा, पण बक्षीस मिळालेले नकोत. ज्याचं प्रारूप (मॉडेल) फसलं, असा एखादा काढायला सांगा. त्यात तीन गोष्टी शोधा. सीमा का तिथेच आखली, हे लिहिलंय का? संगणकावरचे आकडे बाहेरच्या कुठल्या तरी मोजमापाशी ताडून पाहिलेत का? आणि ते जुळले नाहीत तेव्हा विद्यार्थ्यानं नेमकं कुठलं गृहीतक मोडीत काढलं? पंचवीस-तीस पानांत हे सापडलं, तर अर्ज भरा. विभागप्रमुख म्हणाले की आमच्याकडे कुणाचं प्रारूप फसतच नाही, तर दुसऱ्या शाखेचा अर्जही हाताशी ठेवा.