रात्रीचा फोटो रात्री काढू नका

पत्रिकेत विषय छापलाय, ‘कमी प्रकाशातलं छायाचित्रण : कॅमेऱ्याची सेटिंग्ज’. सेटिंग्जकडे येतोच. पण त्याआधी एक समजूत खोडायची आहे, की रात्रीचा फोटो रात्री काढायचा असतो.

त्रिपुरारी पौर्णिमा घ्या. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पहाटे हजारो पणत्या लागतात. साडेचारला ट्रायपॉडची इतकी दाटी, की पणती ठेवायला पायरी सापडू नये. आणि पावणेसहाला हीच मंडळी ट्रायपॉड गुंडाळून चहाला पसार! वऱ्हाडानं मांडव पाहून, न जेवता परत फिरावं, तसं. (मागच्या रांगेत हसले ते त्यातलेच दिसतायत.)

साडेचारला आकाश काळंकुट्ट असतं. पणतीची ज्योत आणि भोवतीचा काळोख यांच्या उजेडातलं अंतर सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलाला, पेलत नाही. दगडी देवळं दिसावीत म्हणून एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवलं, तर ज्योतीचा पांढरा डाग होतो. ज्योत सांभाळली, तर देवळं गडप. मग घरी बसून सावल्या उपसायच्या, म्हणजे नुसता नॉइज, दाणेदार ठिपके. आता सूर्य क्षितिजाखाली आठ अंशांवर येऊ द्या. आकाशाचा निळा उजेड पाण्यावर, पायऱ्यांवर, शिवाजी पुलाच्या कमानींवर हलकेच उतरतो आणि ते अंतर आवाक्यात येतं. क्षितिजाखालच्या चार अंशांच्याही वर सूर्य आला, की ज्योती फिक्या पडल्या.

परदेशी व्हिडिओंमध्ये याला ‘निळा तास’ म्हणतात. तास कुठला? तिकडे सूर्य तिरका रेंगाळतो, आपल्याकडे जवळजवळ उभा चढतो. अंशाला साडेचार मिनिटं धरा, म्हणजे आठपासून चारपर्यंतच्या चार अंशांना हातात सतरा-अठरा मिनिटं. कोल्हापुरात त्या सुमारास सूर्योदय साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान. त्याआधीच्या अर्ध्या तासापासून पाव तासापर्यंतचा वेळ आपला. त्याआधी फक्त जागा धरायची. संध्याकाळी हेच उलटं : सूर्यास्तानंतर पाव तासानं सुरू, अर्ध्या तासानं खेळ खलास.

अडचण एकच. सहा वाजेपर्यंत पुढच्या पणत्या विझायला लागतात. तेलाची छोटी बाटली जवळ ठेवा, पण कॅमेऱ्याच्या बॅगेत नको.

आणि तो फ्लॅश! कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, साधारण १२. एफ ४ (लेन्सच्या झडपेचा आकडा, लहान तितकी झडप उघडी) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) असेल तर त्याची पोच १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटर. समोरचा काठ राहतो अंधारातच, पुढच्या काकांचं टक्कल तेवढं उजळतं. तरी दर वर्षी…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, सेटिंग्ज. लिहून घ्या.

ट्रायपॉडवर : एफ ८, आयएसओ १००, शटर ८ सेकंद उघडं, इथून सुरुवात. पहाटे उजेड तीन-चार मिनिटांत दुप्पट होतो, तेव्हा शटरची वेळ सतत कमी करत राहा. कॅमेरा हातात धरून हाच उजेड हवा असेल, तर एफ २.८ केल्यावर तीन स्टॉप मिळतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), ८ सेकंदांचा १ होतो. आयएसओ ३२०० केला की आणखी पाच, म्हणजे १/३०. पाण्यात सोडलेले दिवे, माणसांचे चेहरे यांना असंच वेगवान शटर लागतं. ८ सेकंदांत सोडलेल्या दिव्याची रेघ होते.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, तो हलतो. स्टॅबिलायझर (हादरे सावरणारी सोय) बंद. बोटानं बटण दाबायचं नाही, २ सेकंदांचा टायमर लावा. गळ्यातला पट्टा वाऱ्यात फडफडतो, तो काढा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टरही काढा. ज्योतींची उलटी भुतं फोटोत दिसतात, ती त्याचीच करणी.

फोकस : लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू चित्र, १० पट मोठा करून पणतीच्या कडेवर धरा आणि ऑटोफोकस बंद करा. नाही तर काळोखात लेन्स मागेपुढे चाचपडत बसते.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, ज्योतीचा पिवळेपणा धुऊन जातो. ३२०० ते ३८०० केल्विन ठेवा, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. अजून काळोख असताना मीटर (कॅमेऱ्यातला उजेडमापक) सगळं करडं करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १, कधी उणे २. मागच्या स्क्रीनवर विसंबू नका. अंधारात तो उगाच उजळ भासतो आणि घरी फोटो काळे निघतात. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा.

फोनवाल्यांनी आधी लेन्स पुसायची. ज्योतीवर बोट दाबून धरायचं, उजेड खाली ओढायचा, कोपर कठड्यावर टेकवायचं. नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करतो, त्यामुळे चालती माणसं पुसट होतात. देवळं टिपायला तो ठीक, गर्दीला नको.

चंद्राचं राहिलं. पौर्णिमेचा चंद्र उन्हात असतो हो! उंचावर असताना एफ ८, आयएसओ १००ला १/२०० पुरतो. ८ सेकंदांत त्याची पांढरी चकती होणार. त्याचा वेगळा फोटो घ्या. हो, उठलो.