पांढरं दिसलं म्हणून चिरडू नका

नमस्कार शेतकरी मंडळी.

अंबाबाईचा किरणोत्सव झाला, फेब्रुवारी लागला. पहाटे घोंगडं, दुपारी घामाच्या धारा, मध्येच एक दिवस आभाळ भरून येतं. शिरोळकडच्या द्राक्षबागांना हे दिवस नाजूक. मण्यात पाणी उतरलंय, आणि उन्हाचा ताव वाढला की खोडाच्या सालीखालचा पिठ्या ढेकूण, रस शोषणारी ती पांढरी कीड, घडाकडे सरकतो. भुरी रोगाचं तुम्हाला सांगायला नको. आज एकच सांगतो: पांढरं दिसलं म्हणून चिरडू नका.

मी कॉलेजात होतो. मामांची दोन एकर सोनाका द्राक्षं. त्यांनी बागेत क्रिप्टोलिमसचे भुंगेरे सोडलेले. हा ढेकूण खाणारा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली आपल्या देशात आणलेला. मामा लग्नाला इचलकरंजीला निघाले. जाताना म्हणाले, "घडांवर नजर ठेव." (काढणीच्या तोंडावर लग्नाच्या तारखा धरणं मला आजही पटत नाही. दिवाळी सरली की उरकावीत!) तर, मी मांडवाखाली मान वर करून बघतो, घडांच्या देठाशी पांढरे लोकरी झुबके. मामींकडून फडकं घेतलं आणि दुपारपर्यंत तीन ओळी पुसून काढल्या.

सांजेला मामा आले. फडकं उलगडलं, तिथंच उकिडवे बसले. त्यात एक जीव हलत होता. तो तळहातावर घेतला, तर तुरुतुरु मनगटापर्यंत गेला. मामा हळूच म्हणाले, "ढेकूण असा पळतोय व्हय रं? भुंगेऱ्याची पोरं मारलीस की लेका." त्या क्रिप्टोलिमसच्या अळ्या होत्या, ढेकणासारख्याच पांढऱ्या. ढेकूण खायला कुणी उरलं नाही, पुढं त्या तीन ओळींचे घड चिकटून काळे पडले. व्यापाऱ्यानं हात लावला नाही. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच अजून सलतं.

म्हणून परत सांगतो. अळी मोठी, झालर लांब, चाल झपझप. ढेकूण लहान आणि सुस्त. पळतो तो आपला, बसून राहतो तो ढेकूण.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर सुटलेली साल सोलून बघा, आणि ती साल बागेबाहेर नेऊन जाळा. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि आपल्या भुंगेऱ्यांना हुसकावतात. भुंगेरे सोडलेल्या ओळीत कीटकनाशक नको. इतरत्र मारायचंच, तर डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस आधी मोजा. आणि बागेत कुणाला कामाला लावाल, तर आधी अळी आणि ढेकूण शेजारी शेजारी दाखवा.

नमस्कार.