चोवीस उड्डाणांचा पुरावा

(पडद्यावर एक रिकामा आलेख आहे. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर बिघाडांची संख्या. त्यावर एकेक करून सात ठिपके उमटतात.)

हे सात ठिपके म्हणजे अमेरिकेच्या स्पेस शटल या अंतराळयानाची, बिघाड आढळलेली सात उड्डाणे. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी दूरध्वनीवरून चाललेल्या एका बैठकीत याच उड्डाणांवर खल झाला. एका टोकाला युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते होते आणि दुसऱ्या टोकाला अलाबामातील मार्शल व फ्लॉरिडातील केनेडी या केंद्रांवरचे नासाचे अधिकारी होते. फ्लॉरिडात रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरणार असा अंदाज होता आणि अशा थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर हे शटल सोडावे की नाही, हे ठरवायचे होते.

शटलच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारे अग्निबाण, असत. ते युटात याच कंपनीत तयार होऊन रेल्वेने फ्लॉरिडाला जात, त्यामुळे ते भागाभागांत बनवले जात आणि प्रत्येक जोडाच्या ठिकाणी आतला तप्त वायू बाहेर निसटू नये म्हणून रबराची दोन कडी, म्हणजे ओ-रिंग, बसवलेल्या असत. उड्डाणानंतर समुद्रातून परत आणलेले बूस्टर उघडले की कधी ही कडी झिजलेली आढळे, तर कधी त्यांच्या पलीकडे काजळी गेलेली दिसे. थंडीत रबर ताठर होते आणि जोड किंचित उघडला की फट भरून काढायला त्याला उशीर लागतो, ही अभियंत्यांची भीती होती. जानेवारी 1985 मध्ये जोडाचे तापमान सुमारे 12 अंश सेल्सिअस असताना झालेल्या उड्डाणात सर्वांत जास्त काजळी सापडली होती, आणि तेवढ्याहून थंड हवेत उड्डाण करू नये, असा सल्ला कंपनीने सुरुवातीला दिला. मात्र 24 अंशांच्या उबदार हवेतही एका उड्डाणात कडी खराब झाली होती. केवळ हे सात ठिपके पाहिले तर तापमानाचा बिघाडाशी काही संबंध आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. नासाच्या अधिकाऱ्यांनी नेमके याच ठिकाणी प्रश्न विचारले. कंपनीच्या व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून घेतला, आपल्याच अभियंत्यांचा विरोध बाजूला ठेवला आणि उड्डाणाला संमती कळवली.

(आलेखावर आता उरलेले ठिपके उमटतात. ते सगळे तळाशी, शून्याच्या रेषेवर आणि उजवीकडे आहेत.)

ज्या उड्डाणांत काहीच बिघडले नव्हते, ती त्या रात्री कोणी हिशेबात धरली नाहीत. ती धरली की चित्र पालटते. सुमारे 18 अंशांखाली झालेल्या चारही उड्डाणांत ओ-रिंगना इजा झाली होती, तर त्याहून उबदार हवेतल्या वीस उड्डाणांपैकी फक्त तिघांत. 28 जानेवारीला सकाळी उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान 2 अंशांच्या आसपास होते. चॅलेंजर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

पुढे चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन, यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून तो थंडीत ताठर होतो हे दाखवले. तो प्रसंग सर्वांच्या लक्षात राहिला, पण आमच्या मते त्यांनी अहवालाला जोडलेले परिशिष्ट अधिक मोलाचे आहे. शटल गमावण्याची शक्यता किती, असे विचारल्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांकडून त्यांना साधारण शंभरात एक असे उत्तर मिळाले, तर व्यवस्थापनाकडून एक लाखात एक. एक लाखात एक याचा अर्थ असा की रोज एक शटल सोडले तर सरासरी पावणेतीनशे वर्षांत एखादेच नष्ट व्हावे. त्याच परिशिष्टात आधीच्या सगळ्या अग्निबाणांची नोंदही आहे: जवळजवळ 2900 उड्डाणांपैकी 121 अयशस्वी, म्हणजे साधारण पंचविसात एक. त्यांतली बरीच अपयशे नव्या यानांच्या पहिल्यावहिल्या उड्डाणांतली होती, म्हणून विशेष काळजी घेतल्यास शंभरात एकापर्यंत पोहोचता येईल, असे मानण्यास जागा होती. त्यापुढचा हजारपटींचा टप्पा मात्र कोणत्याही नोंदीतून निघत नव्हता.

चॅलेंजरच्या त्या उड्डाणाआधी शटलची 24 उड्डाणे सुखरूप पार पडली होती आणि आत्मविश्वासाचा मुख्य आधार तोच होता. त्या चोवीसांतून खरोखर किती सिद्ध होते, ते मोजून पाहू. प्रत्येक उड्डाणात अपघाताची शक्यता शंभरात एक असेल, तर सलग 24 उड्डाणे निर्विघ्न होण्याची शक्यता 79 टक्के येते. ती शक्यता थेट दहात एक, म्हणजे भयावह असेल, तरीही 24 उड्डाणे निभावून जाण्याची शक्यता सुमारे 8 टक्के उरतेच. संख्याशास्त्रात यासाठी एक ढोबळ नियम वापरतात: एकही अपयश दिसले नसेल तर 3 ला प्रयोगांच्या संख्येने भागावे, आणि जोखीम त्या उत्तरापेक्षा जास्त नाही एवढेच 95 टक्के विश्वासाने म्हणता येते. 3 भागिले 24, म्हणजे आठात एक. एक लाखात एक हा दावा याच रीतीने सिद्ध करायचा तर एकाही अपघाताविना तीन लाख उड्डाणे करावी लागतील.

म्हणून घटना जितकी दुर्मीळ, तितके यशांच्या मोजणीवर कमी विसंबता येते आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचे मोल वाढते. शटलच्या बाबतीत असे प्रसंग नोंदले गेले होते, पण त्यांचे वाचन उलटे झाले. एका उड्डाणात कड्याची झीज त्याच्या काटछेदाच्या त्रिज्येच्या एकतृतीयांश खोल गेली, तेव्हा अजून तिप्पट सुरक्षितता शिल्लक आहे, असा निष्कर्ष काढला गेला. ज्या कड्याने मुळीच झिजायला नको होते, त्याच्या झिजेला सुरक्षिततेचे माप मानण्याचे हे तर्कट फाइनमन यांनी पुलाचे उदाहरण देऊन खोडून काढले आहे: तुळईला एकतृतीयांश तडा गेला तर पूल कोसळला नाही म्हणून तो तिप्पट मजबूत ठरत नाही.

1989 मध्ये तिघा संख्याशास्त्रज्ञांनी केवळ उड्डाणाआधीच्या रात्री हाती असलेली माहिती घेऊन गणित मांडले. त्या थंडीत जोड निकामी होऊन शटल गमावण्याची शक्यता किमान 13 टक्के निघाली; पारा साडेपंधरा अंशांवर जाईपर्यंत थांबले असते तर ती 2 टक्क्यांच्या घरात आली असती. शटल सेवेतून निवृत्त होण्याच्या सुमारास नासानेही मागे वळून हिशेब केला, तेव्हा पहिल्या 25 उड्डाणांची जोखीम प्रत्येकी दहात एकाच्या आसपास आणि शेवटच्या उड्डाणांची नव्वदात एकाच्या आसपास ठरली. एकूण 135 उड्डाणांत दोन शटल गेली. दुसरे कोलंबिया, 1 फेब्रुवारी 2003 ला कल्पना चावला यांच्यासह. त्याही वेळी इंधनटाकीवरचा फोम निखळून यानावर आदळणे नवे नव्हते आणि आधीची याने परतली होती, म्हणून त्याची धास्ती बोथट झाली होती.

(श्रीहरिकोटा. प्रक्षेपणमंचावर उभा पीएसएलव्ही.)

उपग्रह सोडणाऱ्या आपल्या पीएसएलव्ही या अग्निबाणाची कथा याच गणिताच्या उजेडात पाहावी लागते. सप्टेंबर 1993 चे पहिले उड्डाण फसले आणि त्यानंतर पूर्ण अपयश आले ते थेट 31 ऑगस्ट 2017 ला, एक्केचाळिसाव्या उड्डाणात. तोवर दर वेळी उघडलेले उष्णताकवच त्या दिवशी उघडलेच नाही आणि उपग्रह कवचाच्या आतच सुटा होऊन अडकून राहिला. मग पुन्हा सलग 21 यशे आली. 18 मे 2025 ला तिसऱ्या टप्प्यातील घन इंधनाच्या मोटरमधला दाब घसरला आणि मोहीम हातची गेली. लगेच पुढचे उड्डाण, 12 जानेवारी 2026 चे, तेही तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस बिनसले.

64 उड्डाणांत चार अपयशे, म्हणजे सोळात एक, असा भागाकार करून मोकळे होता येते. पण मे 2025 च्या अपयशाआधीच्या 62 उड्डाणांत दोन, म्हणजे एकतिसात एक, हेच प्रमाण खरे मानले आणि अपयशे एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर लागोपाठ दोन उड्डाणे फसण्याची शक्यता जेमतेम हजारात एक येते. एवढा विलक्षण योगायोग मानण्यापेक्षा दोन्ही अपयशांमागे काही सामाईक कारण असावे, हा संशय गणितालाच अधिक रास्त वाटतो. त्यामुळे पुढच्या उड्डाणाच्या जोखमीचा अंदाज तिसऱ्या टप्प्याच्या मोटरपासून सुरू करावा लागतो. तिच्या दाबाच्या जुन्या नोंदी, यशस्वी ठरलेल्या उड्डाणांच्यासुद्धा, आता पुन्हा एकेक करून आलेखावर मांडाव्या लागतील.